काकांची वाळू

पप्पांना मूठमाती देताना माझ्या हातात माती आली नाही. वाळू आली. काळी, पिठासारखी बारीक, जळक्या प्लास्टिकचा वास मारणारी. आमच्यात पेटी खाली सोडली आणि पाळकांची प्रार्थना झाली, की घरच्यांपासून सुरुवात करून प्रत्येक जण तीन मुठी माती टाकतो. लाकडावर माती पडते तो आवाज मी लहानपणापासून ऐकत आले होते. वाळूला आवाज नव्हता. नुसतं सरसरलं. माझ्यामागं मम्मी होती. तिनं एक मूठ टाकली, स्वतःचा तळवा बघितला आणि उरलेल्या दोन टाकल्याच नाहीत. पांढऱ्या साडीच्या पदराला हात पुसत बाजूला झाली.

घरी आल्यावर मी साबणानं हात धुतले. शेजारणीनं आणून दिलेला भात कालवला, घास तोंडाजवळ नेला, तर त्यालाही तोच वास. त्या ताटावर बसूनच मी ठरवलं. ज्यानं ही वाळू माझ्या बापाच्या डोक्यावर आणून ओतली, त्याला ती परत उचलायला लावायची. त्याच्या हातानं, अख्ख्या मंडळीसमोर. क्षमा वगैरे नंतर बघू.

तो म्हणजे आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, थोरले पंच. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणते. औद्योगिक वसाहतीत त्यांची फौंड्री आहे. नाताळचा मांडव त्यांचा, चर्चचे पंखे त्यांचे, संडे स्कूलच्या सहलीची बस त्यांची. असा माणूस काही बोलला की कमिटीत सगळ्यांच्या माना आपोआप खाली-वर होतात. काका वाईट आहेत असं कोणीच म्हणणार नाही. मी म्हणते.

ओतकामात काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. लोखंडाचा रस ओतायला साचा लागतो. तो साचा वाळूत राळ आणि रसायनं मिसळून करतात. रस ओतला की वाळू जळते, काळी पडते. थोडी पुन्हा वापरतात, बाकीची फेकायची असते. ती कुठं आणि कशी फेकायची याचे कायदे आहेत, आणि कायद्यानं फेकायची तर खिशाला चाट बसते. मग ती रात्री ओढ्याच्या काठावर जाते, पडक्या विहिरीत जाते, कुणाच्या तरी पडीक रानात जाते. काकांनी तीही अडचण ठेवली नाही. त्यांना दफनभूमी सापडली. जिवंत माणसं तक्रार करतात, मेलेली करत नाहीत.

आमची दफनभूमी कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीच्या बाजूला, रस्त्यापासून आत आहे. वरचा अर्धा भाग उंच, लाल मातीचा. तिथं जुन्या कबरी आणि दोन म्हाताऱ्या चिंचा. खालचा भाग ओढ्याला लागून, पावसाळ्यात पाणी धरणारा. वरती जागा भरत आली, तेव्हा खालचा भाग वापरायचा ठरलं. पप्पा म्हणाले, बांध घालू, झाडं लावू, झाडं पाणी ओढतील. ते निवृत्त शिक्षक. उपासना सुटली की सायकलच्या कॅरियरला पाण्याचे कॅन बांधून जायचे. करंज, कडुनिंब, बहावा अशी रोपं त्यांनी त्या पाणथळीत जगवली होती. लोक हसायचे. "सर, मढ्यांना सावली करताय व्हय?" पप्पा म्हणायचे, "देवानं माणसाला पहिली नोकरी माळ्याची दिली. पाळक, पंच, खजिनदार ही पदं आपण नंतर काढली."

मग एका रविवारी उपासनेनंतरच्या सभेत काका उठले. "भराव मी देतो. फुकट. डंपर बी माझा, डिझेल बी माझं."

टाळ्या पडल्या. मी उभी राहिले. "कसला भराव?"

"वाळू गं पोरी."

"जळकी?"

"वाळूला जळकी काय नि कच्ची काय! लोखंड पोटात घेतल्याली वाळू हाय ती. तुझ्यापरीस पवित्र."

हशा झाला. मी म्हटलं, "मग तुमच्या बंगल्यातल्या गुलाबांना घाला की."

हशा थांबला. पाळकसाहेबांनी नेहमीसारखं दोन्ही हात वर करून हवा खाली दाबली. ते पुण्याकडचे, बोलणं मऊ. "ताई, मंडळीत वाद नको. शेवटी ही पृथ्वी जाणारच आहे. आपण इथले पाहुणे."

"साहेब, पाहुणा म्हणून गेलेल्या घरातल्या आडात कोणी घाण टाकत नाही," मी म्हटलं. "आणि पृथ्वी जाणारच असली तर तुम्ही गाडीवर कव्हर कशाला घालता?"

मागच्या बाकावरची पोरं खिदळली. ठराव मात्र पास झाला. त्याच सभेत काकांनी आणखी एक ठराव करून घेतला: यापुढं सगळ्या कबरी खालच्या भागात, ओळीनं, राखीव जागा कोणालाच नाही. "देवाघरी वशिला न्हाय," ते म्हणाले. चिंचेखालच्या जागेवरून दोन घरांत भांडण झालं होतं, म्हणून लोकांना तो ठराव आवडला. मलाही आवडला, खरं सांगायचं तर. तो मी चांगला ध्यानात ठेवला.

डंपर आले. पप्पांची रोपं गळ्यापर्यंत पुरली गेली आणि उन्हाळ्यात उभी वाळली. पप्पा रोज जाऊन बघून यायचे. फक्त एकदा मला म्हणाले, "माणसाला बागेत ठेवताना देवानं दोन कामं सांगितली होती. कसायची आणि राखायची. कसणारे लई झाले." पावसाळ्यानंतर त्यांचं हृदय बंद पडलं. काकांच्या ठरावानुसार ओळीत पुढची जागा त्यांची आली. वाळलेल्या करंजाचा शेंडा त्यांच्या उशाशी वाळूतून वर आलेला होता. कबर खणताना वाळू कडेनं सारखी घसरायची, म्हणून पोरांनी फळ्या लावल्या आणि जमेल तेवढं खोल जाऊन थांबले. म्हणजे माझा बाप मातीपर्यंत पोचलाच नाही. वर वाळू, खाली वाळू, दोन्ही अंगांनी वाळू.

आता लिहिण्याचं. मी लिहायला शिकले ते पत्रिका वाटून. लहानपणी पप्पा मला एसटी स्टँडवर न्यायचे, शुभवर्तमानाच्या पत्रिका वाटायला. त्यांचा नियम असा: एका कागदात मावलं पाहिजे, पहिलं वाक्य चालत्या माणसाला थांबवणारं पाहिजे, आणि शेवटी वाचणाऱ्याला आजच्या आज काहीतरी करायला सांगायचं. नदी वाचवायच्या आंदोलनात गेल्यावर मी तशीच पत्रकं लिहू लागले. पप्पा गेल्यावर एक लिहिलं. वर मथळा: "मूठमाती देताना तुमच्या मुठीत काय होतं?" खाली वाळूची सगळी हकीकत. आणि शेवटी: "आज घरी जाण्याआधी दफनभूमीत जा. एक मूठ उचला. हुंगा."

चर्चच्या फाटकात उभं राहून मी ते वाटलं. काही मावश्यांनी घेतलं आणि बायबलात घातलं. काहींनी माझ्याकडं बघितलंच नाही. काकांनी हात पुढं करून घेतलं, चष्मा लावून तिथंच पूर्ण वाचलं, चार घड्या घालून खिशात ठेवलं. "छपाई झ्याक झाल्या," म्हणाले. "कुठनं केलीस?"

मम्मी घरी म्हणाली, "क्षमा कर गं. त्यांच्या मनात वाईट न्हवतं."

"क्षमा करतो की. त्यांनी वाळू उचलली की त्याच दिवशी करतो." आम्ही कोल्हापूरच्या पोरी घरात अशाच बोलतो, करतो, जातो, येतो. "पश्चात्ताप म्हणजे सॉरी म्हणणं न्हाय मम्मी. टाकल्यालं उचलून परत न्यायचं, त्याला पश्चात्ताप म्हणत्यात."

वाळूची खरी दखल घेतली ती आमच्या मंडळीबाहेरच्या एका माणसानं. दफनभूमीच्या खालच्या अंगाला ज्यांचा ऊस आहे, त्या शेतकरीमामांनी. मी एकदा तिथं फोटो काढत होते, तर ते बांधावरून ओरडले, "ओ पावणं! तुमची माणसं मेल्यावर बी गप बसनात. आमच्या हिरीत उतराय लागल्यात."

त्यांनी मला विहीर दाखवली. पाण्यावर तेलासारखा तवंग होता. म्हैस तोंड लावून मान झटकत होती. मी म्हटलं, "मामा, माफ करा."

"तू काय केलंयस माफ कराय?"

"आमच्या मंडळीनं केलंय."

"मग मंडळीला घिऊन ये की. एकटीनं माफी मागून म्हस पाणी पिणार हाय व्हय?"

मला हे लागलं. तोवर माझा राग माझ्या बापापुरता होता. तिथं बांधावर उभं राहून तो दुप्पट झाला. शेजाऱ्यावर प्रीती करा, असं आम्ही दर रविवारी ऐकतो. आमचा शेजारी म्हणजे हा ऊस, ही म्हैस, ही विहीर. आणि शेजाऱ्याच्या पाण्यात आम्ही आमच्या पंचांचा कचरा सोडला होता, वर क्रूस रोवून.

कमिटीकडं मामांची तक्रार नेली. "विचार करू." सरकारी ऑफिसात अर्ज दिला. तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता, फिरू दे म्हटलं. मग मी दुसरा रस्ता धरला. आमच्यात कबर भाड्यानं खणून घेत नाहीत. तरुण संघाची पोरं खणतात. आजोबांच्या पिढीपासूनची रीत आहे. ज्याच्यासोबत उपासनेला बसलो त्याचा खड्डा आपण खणायचा. संघाच्या निवडणुकीत मी सेक्रेटरीला उभी राहिले. मुलगी कबरींचं काम बघणार म्हणून थोडी कुजबुज झाली. एक जण म्हणाला, "हिच्या हातात कुदळ देऊ नगासा, कुणालातरी जित्ता पुरंल." मी निवडून आले. जागा आखणं, हत्यारं काढणं, पोरांना बोलावणं माझ्याकडं आलं.

आणि मी वाट पाहत बसले. होय, काकांच्या घरात कोणीतरी जाण्याची. लपवायचं काय त्यात? ओळीत पप्पांच्या शेजारची जागा मोकळी होती. दर रविवारी मी मोजून यायचे की ती अजून मोकळीच आहे.

काकांच्या आई गेल्या. फार वय झालं होतं, महिनोन्‌महिने अंथरुणावर होत्या. सकाळी काकांच्या पुतण्याचा फोन आला. "आजी प्रभूत निजली. चार वाजता आणतोय. चिंचेखाली, आजोबांच्या बाजूला खणायला सांगितलंय."

"खालच्या ओळीत खणतोय," मी म्हटलं. "ठराव तसा हाय."

"अगं, ठराव काकांनीच केलाय की!"

"म्हणूनच."

पोरांना घेऊन गेले. फळ्या, फावडी, घमेली. पप्पांच्या शेजारी आखलं आणि खणायला लागलो. एक फावडं काढावं तर दोन फावडी आत. नाकाला रुमाल बांधले तरी घशात खवखव. थोड्या वेळानं गाडीचं दार वाजलं. काका एकटेच आले होते. दाढी वाढलेली, पांढरा शर्ट, बटणं चुकीच्या काजात लावलेली. पोरं थांबली. मी थांबले नाही.

"चिंचंखाली जागा हाय," काका म्हणाले.

"हाय की. पप्पांच्या वेळंला बी हुती."

"तुझा बाप नियमानं गेला."

"तुमची आई बी नियमानं जाईल."

ते खड्ड्याच्या कडेला आले. "माझ्यावर सूड उगवतीस व्हय?"

"व्हय."

मला वाटलं होतं, ते ओरडतील. पाळकांना बोलावतील, मला संघातून काढायची धमकी देतील. त्या सगळ्याची उत्तरं माझ्याकडं तयार होती. कित्येक दिवस घोकली होती. काका जवळच्या एका कबरीच्या कठड्यावर बसले. खालच्या आवाजात म्हणाले, "आईनं तुझा कागद वाचला हुता. माझ्या खिशातनं तिच्या खाटंवर पडला. डोळ्यांला दिसंना तर सुनंकडनं वाचून घेतला. मागल्या आठवड्यात मला जवळ बोलावलं नि म्हणाली, बाळा, मला तुझ्या वाळूत ठिवू नगंस. मातीत ठिव."

मी फावडं वाळूत रोवून ठेवलं.

आजी आमच्या संडे स्कूलच्या बाई. सृष्टीच्या निर्मितीचा धडा त्या चर्चच्या नळाखाली शिकवायच्या. आम्हाला चिखल कालवून प्रत्येकी एक माणूस करायला लावायच्या. माझ्या माणसाचं नाक मोडलं तेव्हा मी रडले होते, तर त्यांनी बोट ओलं करून नाक परत चिकटवलं आणि म्हणाल्या, "फुंकर मार आता." त्या बाईला मी या काळ्या भुकटीत ढकलणार होते, तिच्या लेकाला शिक्षा म्हणून. ती शिक्षा भोगणार होत्या आजी. काका चार दिवसांनी फौंड्रीवर गेले असते.

पण म्हणून काकांना सोडायचं? मुळीच नाही. मी ओढ्याच्या कडेला गेले. तिथं भरावाचा कापलेला काठ उघडा होता. वर काळा थर, माणूसभर उंचीचा, आणि त्याखाली जुनी तपकिरी माती, ओलसर, मुळांसकट. मी परत आले.

"आजींना मातीत ठिवतो," मी म्हटलं. "पर चिंचंखाली न्हाय. हितंच. ओळीत. माती खाली हाय, तुमच्या वाळूच्या तळाला. तिथवर जायाचं."

काकांनी खड्ड्याकडं बघितलं. माणूस ओतकामातला; वाळू कशी घसरते हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. "एवढं खाली जायाचं तर सगळं आवारच उपसाय लागंल."

"उपसा."

"आज?"

"आईला कधी पुरायचंय?"

शेजारचा एक पोरगा दचकून माझ्याकडं बघायला लागला. असो. काकांनी फोन काढला आणि फौंड्रीवर लावला. "जेसीबी पाठीव. आन्‌ डंपर. …व्हय, दफनभूमीत. …भरायला न्हाय रे! काढाय."

लोक जमायला लागले तेव्हा जेसीबी खड्ड्यात तोंड घालून बसला होता. आजींची पेटी व्हॅनमधून उतरवून चिंचेखाली बाकावर ठेवली, तिच्याभोवती बायका बसल्या. गीतं म्हणायची सोय नव्हती, मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू आलं असतं? सगळी मंडळी, कमिटीसकट, पाळकसाहेबांसकट, रुमालानं नाक धरून बघत उभी राहिली. वाऱ्यानं काळी धूळ उडत होती आणि नाताळला घालायचे ठेवणीतले कपडे काळे होत होते. पत्रकात लिहिलं होतं, जा आणि हुंगा. आता अख्खी मंडळी हुंगत होती, आणि घरी जाता येत नव्हतं.

खड्डा रुंदावत गेला तशी पप्पांच्या बाजूची वाळू खचायला लागली. ड्रायव्हरनं मशीन थांबवलं. मम्मी गर्दीतून पुढं आली. मी तिला धरायला गेले, तर तिनं माझा हात झटकला.

"थांबू नगा," ती ड्रायव्हरला म्हणाली. "ह्यांच्या अंगावरची बी काढा."

पाळकसाहेब घाईनं आले. "बाई, असं करता येत नाही. त्याला परवानगी वगैरे…"

"पेटी उघडा म्हणत न्हाय मी. पेटीवरची घाण काढा म्हणते. घाण टाकायला परवानगी कुणाची घेतली हुती, साहेब?"

क्षमा कर म्हणणारी माझी मम्मी! साहेब मागं सरले. ती बाजू आम्ही मशीननं नाही काढली. पोरं फावड्यांनी उतरली. पेटीच्या झाकणावरचा पितळी क्रूस काळाठिक्कर पडला होता. मम्मी वाकली आणि पदरानं तो पुसला.

मी माझं फावडं काकांपुढं धरलं. "धरा."

काकांनी ते धरलं. घड्याळ काढून पुतण्याकडं दिलं, चपला काढल्या आणि खाली उतरले. माझ्या बापाच्या पेटीभोवतीची वाळू त्यांनी स्वतः भरून काढली. धाप लागत होती, शर्ट पाठीला चिकटला होता, खोकला येत होता. कोणीतरी म्हणालं, "काका, बास करा." मी म्हटलं, "अजून हाय." त्यांनी अजून खणलं. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. देवाला ते आवडलं की नाही, मला माहीत नाही. आवडलं नसलं तर भेटल्यावर बोलू.

डंपर भरला. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. "मालक, कुठं टाकू?"

जेसीबी नेमका बंद होता. प्रश्न सगळ्यांना ऐकू गेला. काकांनी सवयीनं ओढ्याकडं मान वळवली. तिकडं बांधावर शेतकरीमामा काठीवर हनुवटी टेकून केव्हाचे उभे होते. "हिकडं बघू नगा, पावणं," ते म्हणाले.

"फौंड्रीवर ने," काका म्हणाले.

"फौंड्रीवर जागा कुठं हाय मालक? म्हणून तर हिकडं आणत हुतो आपण."

कमिटीतले लोक आपापल्या चपलांकडं बघायला लागले.

"जागा कर," काका म्हणाले. डंपर गेला.

आजी मातीत गेल्या, अंधार पडायच्या आत. पप्पांच्या वर आणि दोन्ही बाजूंना खालून निघालेली माती घातली. त्यांच्या पेटीखाली अजून वाळूच आहे, ती काढायची तर पेटी हलवावी लागेल. मम्मी नको म्हणाली. म्हणजे माझं मागणं पुरतं फिटलं नाही, एवढं नोंदवून ठेवते.

पुढच्या सभेत कमिटीनं उरलेला भराव उचलायचा ठराव केला. कोणीही विरोध केला नाही. डंपर महिनाभर फिरत होते. काका म्हणाले, गारगोटीकडचा एक डोंगर कापताहेत, तिथली लाल माती आणून टाकतो. मी म्हटलं, दुसऱ्याचा डोंगर सोलून आपली मढी झाकायची नाहीत. खालचा भाग होता तसा पाणथळ राहू दे, बांध घालू. तेही मान्य झालं. पाळकसाहेबांनी सृष्टीच्या राखणदारीवर एक प्रवचन दिलं, आणि पृथ्वी जाणारच आहे हे त्यात कुठंही नव्हतं. ज्या मावश्या फाटकात माझ्याकडं बघत नव्हत्या, त्या आता मला बोलावून चहा पाजायला लागल्या. "झालं बाई तुझ्या मनासारखं."

झालं का? मी काकांना विचारलं, "वाळू कुठं जात्या?"

"सोय झाल्या."

"कुठं?"

"तुझी दफनभूमी मोकळी व्हाय लागल्या न्हवं का? मग?"

त्या "मग"नं माझं डोकं पुन्हा फिरलं. दुसऱ्या दिवशी मी दफनभूमीच्या फाटकाबाहेर स्कूटी लावून बसले आणि डंपर निघाला तशी मागं लागले. शहराला वळसा घालून तो महामार्गाला लागला, फौंड्रीचा फाटा आला तरी वळला नाही. हातकणंगलेच्या पुढं एका कच्च्या रस्त्याला लागला. आत दगडाची जुनी खण होती, खाण बंद पडल्यावर उरलेला खड्डा. पाणी साचलेलं, हिरवंगार. एका कडेला बायका धुणं धूत होत्या. दुसऱ्या कडेनं पाण्यात काळा ढीग सरकत गेलेला. आमचाच. त्यात कुठंतरी पप्पांच्या अंगावरची वाळूही होती.

मी पाळकसाहेबांना फोन लावला. "साहेब, वाळू सापडली." जागा सांगितली.

त्यांनी जागा पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाले, "ताई, ती आपली जमीन नाही. तिथं आपली एकही कबर नाही. आपल्याला काय अधिकार?"

"तुमच्या परवाच्या प्रवचनात पृथ्वी परमेश्वराची होती," मी म्हटलं. "ती फक्त आपल्या कंपाउंडापुरती होती का?"

त्यांनी सुस्कारा सोडला. "मी काकांशी बोलतो."

"बोलू नका. काकांना घेऊन या. मंडळीची ती सहलीची बस आहे ना, ती काढा."

डंपर वळून, मागं मागं येत खणीच्या तोंडाशी लागत होता. धुणं धुणाऱ्या बायका आपापली बोचकी ओढून घेत होत्या. त्यांना सवय झालेली दिसली. एक म्हातारी मला म्हणाली, "कुणाची गं तू? सरक बाजूला, अंगावर टाकंल." मी सरकले नाही. स्कूटी डंपरच्या मागं आडवी लावली आणि किल्ली काढून घेतली. ड्रायव्हरनं आरशात बघितलं, ब्रेक दाबला, खाली उतरला.

"ताई, सोडा की आता," तो हात जोडून म्हणाला. "तुमचं काम झालंय न्हवं? तुमची माणसं मातीत गेली."

"ह्यांचं पाणी ऱ्हायलंय," मी म्हटलं. "मालकाला फोन लाव. म्हणावं, जेसीबी घेऊन ये. आता हितली काढायची हाय."